गाडी डावीकडे ओढते

पाय टेकला. म्हणजे राजेंद्रने तो टेकवला; टेकला की नाही, हे त्याला कळलं नाही. पूर्णगडच्या किल्ल्याकडे चढणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर समोरून गुरं आली, म्हणून त्याने गाडी थांबवली, डावा पाय खाली सोडला आणि खाली जमीन असणारच असं धरून अंगाचा भार त्या बाजूला दिला. एकोणीस वर्षं तो असाच देत आला होता. त्याची स्वतःची गाडी बसकी. तिच्यावर बसलं की दोन्ही तळवे रस्त्यावर सपाट, खुर्चीत बसल्यासारखे. ही नवी गाडी उंच होती, रस्ता डावीकडे उतरता होता आणि कडेला जांभ्याची बारीक खडी पसरलेली. गाडी कलली. धाडकन नाही, सावकाश, जसं काही तिला कसलीच घाई नव्हती. कडेला दगडांचा गडगा होता म्हणून वाचला. हँडलचं टोक दगडांवर टेकलं, गुडघा आपटला, आणि गुडघ्यातून जी सणसणीत कळ आली तिने त्याला बरंच वाटलं, कारण गुडघा तरी अजून त्याचा होता. त्याच्याखालचं काही सांगता येत नव्हतं. वाकून बघितलं तेव्हा बूट एका दगडावर तिरपा पडलेला दिसला, घोटा आत वळलेला. दिसत होता म्हणून पाय होता. गुरं त्याच्या बाजूने निवांत निघून गेली, मागून त्यांचा धनीसुद्धा आला नाही. कोणी पाहिलं नाही, हे त्याने दोनदा मान वळवून पक्कं केलं. मग सगळा जीव कंबरेत आणून गाडी सरळ केली, हँडलच्या टोकाला लागलेली तांबडी धूळ रुमालाने पुसली, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवताना त्याला स्वतःचीच किळस आली.

गाडीचं म्हणाल तर तिच्यावरून गेले दोन महिने त्यांच्या ग्रुपवर नुसता कालवा चालला होता. जी कंपनी आजवर बसक्या, लांबट, रुबाबात चालणाऱ्या गाड्या काढत आली, तिने एकाएकी डोंगरदऱ्यांतून न्यायची उंच गाडी काढली. पहिल्याच दिवशी कोणीतरी तिचा फोटो टाकून खाली ‘उंट’ असं लिहिलं आणि तेच नाव चिकटलं. फाटक हायस्कूलशेजारी राहणारे मास्तर म्हणाले, ज्यांनी आयुष्यभर पखवाज वाजवला त्यांनी आता तबल्याला हात लावू नये. मारुती मंदिरजवळचे मेडिकलवाले म्हणाले, हायवेचं काम जोवर संपत नाही तोवर असलीच गाडी हवी, आणि ते काम काही आपल्या हयातीत संपत नाही, तेव्हा घेऊन टाकावी. कोणी म्हणालं, हिला ठोका नाही, शिवणयंत्रासारखी चालते. कोणी म्हणालं, मागे बायको बसवायची तर घरून स्टूल न्यावं लागेल. अयूबने तर लिहिलं होतं, ‘मी शारजात सोळा वर्षं ट्रेलर चालवला, खरे उंट पाहिले, ते एवढे महाग नसतात.’ आणि दीक्षाने, राजेंद्रच्या लेकीने, एवढंच लिहिलं होतं: ‘चालवून बघू या. मग बोलू या.’ ते वाचून तो ऑफिसात टेबलाशी बसल्या बसल्या हसला होता. जिल्हा परिषदेतला वरिष्ठ सहायक, समोर फायलींचा ढीग, आणि साहेबांनी विचारलं, ‘काय जाधव, एवढं काय?’ काही नाही साहेब, म्हणाला. पण होतं. पोरगी त्याचंच वाक्य बोलली होती.

ग्रुपची एक रीत होती आणि ती त्यानेच घातलेली. नवी गाडी कोणाला घ्यायची असली की सगळ्यांनी ती चालवायची, मग एकत्र बसून एकेकाने मत द्यायचं, आणि मत देताना कोणाची भीड धरायची नाही. दुसरा माणूस आपल्या शब्दावर ती गाडी घेणार, तिच्यावर बायकोपोरं बसवणार. राजेंद्रचं मत सगळ्यात शेवटी. का, तर रस्त्यावर तो शेवटी असायचा. कशेडी असो, कुंभार्ली असो, आंबा घाट असो, रांगेतली शेवटची गाडी त्याची; त्याच्यामागे कोणी नाही. पुढच्या कोणाचा टायर बसला, कोणी पडलं, कोणाचा धीर सुटला, तर थांबणारा तो. पुढे धावणाऱ्याला रस्ता दिसतो, शेवटच्याला माणसं दिसतात. कोणाचा खांदा घाटात वर चढतो, कोण वळणावर ब्रेकवर पाय ठेवून बसतो, सगळं त्याला पाठमोरं पाठ. दीक्षाचा तर पाठीचा कणासुद्धा त्याला ओळखीचा. ती घाबरली की डावं कोपर जरा बाहेर काढते, हे तिला स्वतःलाही ठाऊक नाही. आणि खरं सांगायचं तर ह्या शेवटच्या जागेइतकी मानाची जागा त्याला उभ्या आयुष्यात दुसरी कुठे मिळाली नव्हती. ऑफिसात लोक आधी आडनाव विचारत आणि मग त्यांचा चेहरा ठरे. हेल्मेट घातल्यावर कोण कोणाला आडनाव विचारतं? अलोऱ्याच्या कॉलनीत, कोयना प्रकल्पावर हेल्पर असलेल्या काशीराम जाधवांचा हा मुलगा, आणि चौदा माणसं पुढे बिनधास्त जात होती, कारण मागे राजाभाऊ आहेत.

ती जागा आता जाणार होती. गेल्या पावसाळ्यापासून त्याला हे ठाऊक होतं आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याने ते कोणालाही कळू दिलं नव्हतं. एका संध्याकाळी तो दूध घेऊन घरी आला तर शालन दारातच म्हणाली, ‘अहो, दुसरी चप्पल?’ त्याने खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. पाय चिखलाने माखलेला, अंगठ्याशी रक्त. परत गेला तर चप्पल पिठाच्या गिरणीपाशी पडलेली, म्हणजे शंभर-दीडशे पावलं तो अनवाणी चालत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. चपलेचा अंगठा तुटला होता, फेकून देणार होतो, असं काहीतरी त्याने शालनला सांगितलं. ती बघत राहिली. पायाला मुंग्या यायच्या त्या बंद झाल्या तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, बरं झालं, गेलं. कुठलं गेलं! मुंग्यांच्या जागी काहीच उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साखर इतकी वर्षं वाढलेली, नसा गेल्यात, डावा जास्त, उजवा त्याच वाटेवर. मोटरसायकल बंद करा जाधव, उद्यापासून. तुम्हीही पडाल आणि कोणाला तरी घेऊन पडाल. त्याने मान डोलावली, कागद घडी केला आणि ऑफिसच्या कपाटात जुन्या टपालाखाली सारून दिला. पुढल्या रविवारी तो रांगेत शेवटी होताच. गिअर पडला की टक् असा आवाज येतो, तो कानाने टिपायला शिकला. थांबताना ओझरतं खाली बघून घ्यायला शिकला. बसक्या गाडीने त्याला सांभाळून घेतलं, गुपित ठेवलं. ह्या उंटाने पाच मिनिटांत पितळ उघडं पाडलं होतं, आणि त्याबद्दल त्याला त्या गाडीचा असा राग आला की त्याने दातओठ खाल्ले.

खाली अयूबच्या अंगणात ग्रुपमधले आज आलेले बाकीचे चौघे बसले होते. पूर्णगड हे अयूबचं गाव, म्हणून मतं द्यायची ती त्याच्या घरी, असं ठरलं होतं. शोरूमने गाडी पाठवली होती, सोबत रसिका नावाची त्यांची मुलगी मोबाइलवर मतं टिपून घ्यायला, आणि गाडी जोडणारा मिस्त्री महिपत, हत्यारांची पिशवी घेऊन. सकाळपासून एकेक जण पूल ओलांडून गावखडीच्या सुरूच्या बनापर्यंत जाऊन आला होता. मास्तर आले ते पखवाज-तबला विसरून. ‘अहो, खड्डा आला आणि गेला, मी आपला कंबर सावरून बसलोय!’ मेडिकलवाल्यांनी तर तिथेच बायकोला फोन लावला. अयूब उतरला आणि म्हणाला, ‘महाग आहे. पण उंट नाही, घोडा आहे.’ आणि दीक्षा! हेल्मेट काढलं तेव्हा तिचे केस घामाने कपाळाला चिकटलेले आणि तोंडभर हसू. ‘पप्पा, काय गाडी आहे! हात सोडून दिले असते ना तरी सरळ गेली असती.’ तिने गाडी बुक करायचं तिथल्या तिथे ठरवलं होतं, फक्त पप्पांचं मत राहिलं होतं. ती चिपळूणला बँकेत. आठवड्याचं जाणंयेणं ह्याच गाडीवरून करणार, आणि ऑक्टोबरात हिमालयात. पप्पा मागे असतील तर.

तो गाडी घेऊन अंगणात शिरला तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. अयूबची बायको सईदा घावण्यांची ताटली घेऊन पडवीच्या पायरीवर उभी होती. मोहोराचा वास आणि तव्यावरच्या तेलाचा वास एकात एक मिसळलेले. त्याने इंजिन बंद केलं, आणि उतरताना डावा पाय आधी डोळ्यांनी जमिनीवर ठेवला, मग भार दिला. ‘काय राजा?’ अयूब म्हणाला, ‘बोल बाबा, पोरीचा जीव टांगणीला लागलाय.’ खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्याच्या तोंडात आलंही होतं. पण त्याला दिसलं, त्या वाक्यानंतरचा रविवार दिसला: सहा वाजता गाड्या साळवी स्टॉपवर जमल्यात, आणि तो घरी गॅलरीत चहाचा कप घेऊन, आवाज ऐकतोय.

‘डावीकडे ओढते,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘गाडी. डावीकडे ओढते. हळू चालवताना, थांबताना. पुढच्या चाकात काहीतरी आहे.’

रसिकाने मोबाइल खाली घेतला. महिपत पिशवीशी उकिडवा बसला होता तो उठून उभा राहिला. पंचेचाळिशीचा माणूस, पावसच्या अलीकडचा. स्वतःचं गॅरेज होतं ते हायवेच्या रुंदीत गेलं, आणि तीन महिन्यांपूर्वी शोरूममध्ये लागला होता. अजून कायम झाला नव्हता. ‘भाऊ, मी स्वतः बसवलाय पुढचा भाग,’ तो म्हणाला. भांडायला नाही, नुसतं कळवल्यासारखं. राजेंद्र म्हणाला, ‘मला जाणवलं ते सांगतोय.’ आणि इथवरसुद्धा ठीक होतं. एका माणसाचं मत. बाकीचे चौघे म्हणाले असते, छे, आम्हाला नाही बुवा ओढली, तर तो हसून म्हणाला असता, माझंच वय झालं असेल. त्याने मनात ते वाक्य तयारसुद्धा ठेवलं होतं. पण मास्तरांनी घावणं बशीत ठेवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, ‘राजाभाऊ म्हणतायत तर... नाही, मलाही पुलाच्या तोंडाशी जरा हे वाटलं होतं. मी म्हटलं, वारा असेल.’

‘वारा पश्चिमेचा,’ मेडिकलवाले म्हणाले. ‘जाताना उजवीकडून लागतो. येताना कुठला? येताना मलाही वाटलं. थोडं.’

राजेंद्र बघत राहिला. ह्या माणसांना तो वर्षानुवर्षं पाठमोरं ओळखत होता, आणि आता ती त्याच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हातांना खोटं पाडत होती. कोणी खोटं बोलत नव्हतं, हेच तर भयंकर होतं! मास्तर खरोखर आठवत होते. डोळे मिटून, दोन्ही मुठी हवेत धरून त्यांनी हँडल आठवलं, आणि त्या मुठी हलकेच डावीकडे वळल्या. माणसाची आठवण एवढी गरीब असते, कोणी जरा अधिकाराने बोट दाखवलं की तिकडे वळते. अयूबने मात्र एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्याच्या पॅंटच्या गुडघ्याकडे, तिथे तांबडी धूळ राहून गेली होती. मग म्हणाला, ‘हो. ओढते.’ आणि चहा प्यायला लागला. म्हणजे अयूबला कळलं होतं. किती, ते नाही सांगता येत, पण मित्र अडचणीत आहे एवढं कळलं आणि त्याने डोळे झाकून आपला शब्द त्याच्या शब्दाशेजारी आणून ठेवला. राजेंद्रला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही.

पण खरा घाव पुढे होता. दीक्षा गाडीपाशी गेली. टाकीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या पाठीकडे बघून त्याला कळलं की ती आठवतेय: ते बन, तो सरळ रस्ता, हात सोडून दिले असते तरी. लहानपणी हिला सायकल शिकवताना तो मागून धरायचा आणि सांगायचा, हाताला काय लागतं ते ऐक, मी काय म्हणतो ते नको ऐकू. पहिल्यांदा गाडी दिली तेव्हाही हेच. चेन सैल झालीय की ब्रेक चिकटतोय, हे तिने त्याच्या आधी ओळखावं आणि त्याने खोटंखोटं कबूल करू नये, असा दोघांचा खेळच होता. आता ती वळली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘हो पप्पा. थोडी ओढते. मला... मी आनंदात होते ना, म्हणून लक्षात आलं नसेल.’ आणि तिचं डावं कोपर जरा बाहेर आलेलं होतं.

रसिका दूर जाऊन फोनवर बोलली आणि परत आली. ‘सर, मला हे कंपनीला कळवावं लागेल. पाच जणांनी सांगितलंय. गाडी कोणी जोडली ते नाव लिहावं लागतं.’ वाईट मुलगी नव्हती. नाव लिहावं लागतं, म्हणून लिहिणार होती. महिपत म्हणाला, ‘वायच थांबा मॅडम, बघून घेतो.’ त्याने पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. जुनी रीत, शोरूममध्ये यंत्रं असतात, पण रस्त्यावर मिस्त्री दोराच लावतो. गाडी मधल्या स्टँडवर चढवून त्याने मागच्या चाकाला सुतळीचा वेढा दिला, दोन्ही बाजूंनी ती पुढच्या चाकापलीकडे ताणली, एक टोक अयूबला धरायला दिलं, आणि जमिनीला गाल लावून एक डोळा मिटून बघू लागला. दोऱ्यात आणि पुढच्या टायरात दोन्हीकडे फट सारखी, की चाकं एका रेषेत. उन्हात तो अंगणाच्या चिऱ्यांवर पालथा पडून आधी उजवीकडून बघायचा, मग सरपटत डावीकडे. शर्टाची पाठ घामाने भिजली. करंगळी घातली, दोन्हीकडे सारखीच गेली. दोरा सोडला, परत लावला. परत करंगळी. सगळे वाकून बघत होते आणि सगळ्यांना दिसत होतं.

‘दोरा तर सरळ आहे,’ महिपत उठून बसत म्हणाला. मग त्याने गुडघ्यावरची माती झटकली, राजेंद्रकडे बघितलं, त्या गुंड्याकडे बघितलं. ‘पण तुमी एवढे जण म्हणताय. राजाभाऊ म्हणतायत. माझंच कायतरी चुकलं असेल. पयल्यासारखी नजर नाही राहिली आता.’

माझंच काहीतरी चुकलं असेल. राजेंद्रने हे शब्द आधी ऐकले होते, ह्याच चालीत, अलोऱ्याच्या कॉलनीतल्या दीड खोलीत. तो सहावीत असेल. त्याचे वडील काशीराम तेव्हा पंपहाउसवर काट्याचे आकडे वाचून वहीत लिहायचे. एके दिवशी आकडा आणि प्रत्यक्षात फरक पडला, वरच्या साहेबाने काटा बघायला उशीर केला होता, पण तो साहेब म्हणाला, काशीरामनेच चुकीचं वाचलं. शेजारी उभे असलेले तिघेही म्हणाले, हो, काशीरामचंच चुकलं असेल. वडील संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, बाबासाहेबांच्या फोटोखाली नेहमीच्या जागी बसले आणि खूप वेळाने आईला म्हणाले, माझंच काहीतरी चुकलं असेल. आई म्हणाली, अहो, तुम्ही तर घड्याळ बघून दोनदा वाचता. हो, पण सगळे म्हणतात. त्यानंतर तो माणूस घरातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा पोराला विचारून खात्री करून घ्यायचा. राजा, पावणेसहाच ना रे? पावणेसहाच, आबा. मरेपर्यंत. त्या साहेबाचं तोंड राजेंद्रला आठवत नव्हतं, कधी आठवलं नव्हतं. आता तो चेहरा कसा असेल हे त्याला आतून कळत होतं. त्या माणसालाही कसलीतरी भीती असणार. त्यालाही आपली जागा सोडवत नसणार. म्हणून काय झालं? आबांचं घड्याळ तर त्याने नेलंच ना!

‘गाडी सरळ आहे,’ राजेंद्र म्हणाला. आवाज बारीक आला, म्हणून त्याने परत मोठ्याने म्हटलं. ‘गाडी सरळ आहे. मी खोटं बोललो. रसिका, नाव लिहू नका.’

आणि काय झालं असेल? कोणी मानलंच नाही! मास्तर हसले. ‘राजाभाऊ, बिचाऱ्याची दया आली तुम्हाला, कळतंय आम्हाला. पण दयेपोटी मत बदलायचं नाही, तुमचाच नियम.’ मेडिकलवाले म्हणाले, ‘अहो, मी स्वतः अनुभवलंय.’ रसिका मोबाइल धरून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. अयूब पुटपुटला, ‘राहू दे रे राजा, गाडी जाईल परत, काय बिघडतंय?’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द महिपत म्हणाला, ‘नाही भाऊ, माझ्यासाठी नका करू. बाईंना काय लिहायचं ते लिहू दे.’ खोटं एका दमात पटलं होतं आणि खऱ्याला आता साक्षीदार मिळेना. राजेंद्र त्या सगळ्या तोंडांकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, इथेच थांबावं. मी सांगून पाहिलं, नाही ऐकलं लोकांनी, माझी काय चूक? केवढी सोयीची वाट! पुढचा रविवारसुद्धा शाबूत. मग तो पडवीच्या पायरीवर बसला आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागला.

गाठ सुटेना. बूट निघाला, मोजा निघाला. पांढरा पडलेला, कडेला जुन्या चटक्याचा डाग असलेला पाय त्याने उन्हात समोर केला. सईदाने ताटली खाली ठेवली. दीक्षा म्हणाली, ‘पप्पा, काय करताय? लागलंय का?’ तो महिपतला म्हणाला, ‘तुझा स्क्रू-ड्रायव्हर घे. टोकाने माझ्या तळव्याला लाव. जोरात लाव. कुठे लावतोस, कधी लावतोस, मला सांगू नको. मी तिकडे बघतो. लागला की मी सांगेन.’

‘भाऊ, काय बोलताय, पायाला—’

‘लाव, महिपत. तुझ्या दोऱ्याची शपथ आहे असं समज.’

त्याने मान फिरवली. खाडीकडे. भरतीचं पाणी पुलाच्या खांबांना लागलं होतं, एक होडी आत येत होती, तिच्यातला माणूस उभा राहून दोर गोळा करत होता. मागे पिशवीत लोखंडावर लोखंड वाजलं. महिपतचे गुडघे चिऱ्यावर घासले. राजेंद्रने श्वास धरला आणि सगळं लक्ष खाली नेलं, मांडीतून, गुडघ्यातून, पोटरीतून. तिथून पुढे रस्ताच नव्हता. तो थांबला. होडी किनाऱ्याला लागली. कोणीतरी खोकलं, मास्तर असावेत, मग खोकला अर्ध्यावर गिळला. फार वेळ गेला असं त्याला वाटलं. महिपतचा धीर होत नाहीये, भला माणूस आहे, बिचकतोय.

‘लाव ना रे,’ तो म्हणाला.

मागून महिपत अगदी हळू म्हणाला, ‘भाऊ, दोनदा लावून झाला.’

राजेंद्रने मान वळवली तेव्हा तळव्यावर दोन खोल, लाल खळगे होते आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. दीक्षा त्याच्यासमोर खाली बसली, तिने तो पाय दोन्ही हातांत धरला, आणि तिने धरलाय हे त्याला बघूनच कळलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती चिडलेलीही होती, दोन्ही एकदम. ‘सरळ चालली होती पप्पा,’ ती म्हणाली. ‘माझ्या हातात अगदी सरळ चालली होती.’

‘मग म्हणायचंस.’

‘तुम्ही म्हणालात म्हणून—’

‘मी काही म्हणेन. मी गाढवासारखं म्हणालो. तू तुझ्या हातांचं म्हणायचंस.’

रसिकाने मोबाइलवर काहीतरी पुसलं आणि तो पर्समध्ये टाकला. महिपत सुतळी गुंडाळत होता, सावकाश, एकावर एक वेढा घट्ट बसवत, आणि त्याचा चेहरा राजेंद्रला धड दिसला नाही. अयूब तेवढा पुढे आला. वाढलेलं पोट सावरत पायरीशी बसला, मोजा झटकून पायात चढवला, बूट चढवला, नाडी ओवली, आणि सवयीने मान वर न करता विचारलं, ‘घट्ट झाली?’

‘मला काय विचारतोस अयूब,’ राजेंद्र म्हणाला, ‘तूच बघ आणि सांग.’